वाचक विचारतात : नॉर्दर्न लीगची पहिली वर्षे

मागील अंकात अमेरिकेतील छोट्या शहरांच्या बेसबॉलविषयी एक टिपण छापले होते आणि त्यात १९९३ साली सुरू झालेल्या ‘नॉर्दर्न लीग’ या स्वतंत्र व्यावसायिक लीगचा ओझरता उल्लेख होता. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की, या वेळचे सदर त्या एकाच विषयाला द्यायचे ठरवले. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गावाला बेसबॉलबद्दल एवढे कुतूहल का वाटावे, याचे कारण पत्रे वाचताना उमगत गेले. संघ नेमका कोणाचा असतो, हा प्रश्न बहुतेक सगळ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पुढे उत्तरे दिली आहेत.

शिवाजी पेठेतील एक वाचक विचारतात : ‘स्वतंत्र’ लीग म्हणजे कोणापासून स्वतंत्र? आमच्याकडे पाटाकडील असो, दिलबहार असो की खंडोबा, प्रत्येक तालमीचा संघ आपल्या पायावर उभा असतो. अमेरिकेत मग संघ कोणाच्या ताब्यात असतात?

आपण अगदी मुळालाच हात घातला आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीला मेजर लीग म्हणतात आणि तिच्या खालच्या पायऱ्यांना मायनर लीग. एके काळी या मायनर लीगमधील बहुतेक संघ आपापल्या गावाचे, आपापल्या मालकाचे असत. चांगला खेळाडू तयार झाला की तो मोठ्या संघाला विकून वर्षाचा खर्च भागवत. १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्स या संघाचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी वेगळा विचार केला. खेळाडू बाजारभावाने विकत घेत बसण्यापेक्षा छोट्या गावांतले संघच ताब्यात घ्यावेत, शेकडो पोरे कमी पगारावर करारबद्ध करावीत आणि त्यांतली निवडक तेवढी वर आणावीत. आपल्याकडे उसाची रोपवाटिका एका ठिकाणी आणि लागण दुसऱ्याच्या रानात असते, तसाच हा प्रकार होता. इतर मोठ्या संघांनी पाहता पाहता हीच पद्धत उचलली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मायनर लीगला मोठी भरती आली. १९४९ साली देशभर ५९ लीग चालू होत्या आणि प्रेक्षकसंख्या चार कोटींच्या आसपास गेली होती. त्यानंतर घरोघरी टेलिव्हिजन आला, मोठे सामने घरबसल्या दिसू लागले आणि गावोगावची मैदाने ओस पडली. जे संघ तगले, ते मोठ्या संघांच्या आधारावर तगले. खेळाडूंचे आणि प्रशिक्षकाचे पगार वरून येऊ लागले, आणि ज्याचा पगार त्याचा हुकूम, हे ओघानेच आले.

याचा परिणाम प्रेक्षकाच्या बाजूने पाहा. समजा, आपल्या गावचा संघ अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर आहे आणि त्याचा सर्वांत चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, भरात आहे. वरच्या संघात कोणाचा खांदा दुखावला, तर त्याच रात्री फोन येतो आणि सकाळी तो पिचर निघून जातो. गाव जिंकले की हरले, याच्याशी वरच्या संघाला कर्तव्य नसते. त्याला खेळाडू घडवायचा असतो. कोण खेळणार, कोणता फलंदाज कोणत्या क्रमांकावर येणार, कोणत्या पिचरने किती चेंडू टाकायचे, हे सगळे दूरच्या एका कचेरीत ठरते. स्वतंत्र लीग या व्यवस्थेच्या बाहेर उभी राहिली. तिच्यातील संघ आपले खेळाडू स्वतः निवडतो, पगार स्वतः देतो आणि सामना आपल्या गावासाठी खेळतो. माझ्या मते पुढच्या सर्व गोष्टी या एका फरकातून निघतात.

राजारामपुरीतून आलेला प्रश्न : ही लीग कोणी काढली आणि १९९३ सालीच का?

माइल्स वुल्फ हे त्या गृहस्थांचे नाव. बेसबॉलच्या धंद्यात ते मुरलेले होते. नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम बुल्स हा मायनर लीगचा संघ त्यांनी १९७९ च्या सुमारास अडीच हजार डॉलरांच्याही आत घेतला होता. त्या काळी असल्या संघांना कोणी विचारत नसे. पुढे लोक पुन्हा मैदानाकडे वळले आणि दहा-अकरा वर्षांनी तोच संघ वुल्फ यांनी सुमारे ४० लाख डॉलरांना विकला. ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाची मालकीही त्यांच्याकडे होती, त्यामुळे कोणत्या गावात मैदान आहे, कोठे संघ नाही आणि कोठे लोक अजून बेसबॉलची आठवण काढतात, याची खडान्‌खडा माहिती त्यांच्यापाशी असे.

१९९० साली मेजर आणि मायनर लीग यांच्यात नवा करार झाला आणि तेथे ठिणगी पडली. मायनर लीगच्या मैदानांसाठी त्यात कडक निकष घातले गेले : दिवे अमुक प्रकाशाचे हवेत, कपडे बदलण्याच्या खोल्या एवढ्या मापाच्या हव्यात, आसने इतकी हवीत. शिवाय तिकिटांच्या उत्पन्नातील वाटा मोठ्या संघांना द्यायचा होता. नगरपालिकेला नवे मैदान बांधणे परवडत नव्हते, अशी अनेक गावे या कराराने व्यवस्थेबाहेर फेकली गेली किंवा आत येण्याची आशाच सोडून बसली. जुनी, टुमदार, पक्क्या बांधणीची मैदाने केवळ कागदावरच्या निकषात बसत नाहीत म्हणून रिकामी पडून होती. मिनेसोटा राज्यातील डुलुथ गावचे वेड स्टेडियम हे त्यांपैकी एक. १९३० च्या मंदीत सरकारने बेरोजगारांना काम देण्यासाठी जी योजना काढली होती, तिच्यातून ते उभे राहिले आणि १९४१ साली खुले झाले.

वुल्फ यांनी अशी गावे एकत्र आणली. सेंट पॉल, डुलुथ-सुपीरियर, रोचेस्टर, सू फॉल्स, सू सिटी आणि कॅनडातील थंडर बे, असे सहा संघ १९९३ च्या उन्हाळ्यात खेळले. लीगला ‘नॉर्दर्न लीग’ हे नाव देण्यातही हिशेब होता. याच नावाची जुनी लीग या मुलखात विसाव्या शतकाच्या आरंभापासून थांबत-थांबत १९७१ पर्यंत चालली होती. पुढे मेजर लीगमध्ये गाजलेले दोन फलंदाज तिच्यात होते : हँक अ‍ॅरन १९५२ साली ओ क्लेअर गावाकडून तिच्यातच खेळले आणि रॉजर मॅरिस यांची व्यावसायिक सुरुवातही १९५३ साली तिच्यातच झाली. म्हाताऱ्या प्रेक्षकांच्या मनात ते नाव अजून जिवंत होते.

हंगाम जून महिन्यात सुरू करण्यालाही कारण होते. उत्तरेकडे एप्रिल-मेमध्ये कडाक्याची थंडी असते, हे एक. आणि मेजर लीगचे संघ दरवर्षी करतात ती नवोदितांची निवड त्या काळी जूनच्या आरंभी आटोपलेली असे, हे दुसरे. त्या निवडीत ज्यांचे नाव आले नाही आणि मोठ्या संघांनी ज्यांना वसंतात सोडून दिले, असे भरपूर खेळाडू तेव्हा मोकळे असत.

मंगळवार पेठेतील वाचक : पैसेवाल्या मालकाने सगळे नामवंत खेळाडू आणले, तर उरलेल्या संघांनी काय करायचे? आमच्याकडेही बाहेरचे खेळाडू आणण्यावरून दर हंगामात चर्चा झडते.

ही चर्चा शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मीही ऐकली आहे, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटला. नॉर्दर्न लीगने त्याचे उत्तर पहिल्याच वर्षी नियमांत लिहून ठेवले. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा होती. खेळाडूंची वर्गवारी अनुभवावरून केलेली होती. बुजुर्ग खेळाडू ठरावीक संख्येपेक्षा जास्त घेता येत नसत आणि अगदी नवखे काही खेळाडू संघात घ्यावेच लागत. त्यामुळे प्रत्येक संघात एका बाजूला मेजर लीगचा अनुभव घेतलेला पस्तिशीतला माणूस आणि दुसऱ्या बाजूला कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला पोरगा, असे दोघे एकाच बसमधून रात्रभर प्रवास करत.

हा नियम मला या लीगमधील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटतो. या आधी आणि नंतरही कितीतरी स्वतंत्र लीग निघाल्या आणि बुडाल्या, आणि त्या बुडण्यामागे बहुधा पैशाचीच ओढाताण होती. एक मालक ईर्षेने खर्च करतो, दुसरा त्याच्या मागे धावतो, तिसऱ्याकडे ऑगस्टच्या पगाराला पैसे उरत नाहीत. आणि लीगमधील एक संघ मध्येच बंद पडला की वेळापत्रक कोलमडून बाकीच्यांचेही उत्पन्न बुडते. सहा संघांनी पूर्ण हंगाम खेळून दाखवणे, हेच पहिल्या वर्षाचे मोठे यश होते. तुलनेसाठी सांगतो : त्याच १९९३ साली ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी या भागात आठ संघांची ‘फ्रंटियर लीग’ सुरू झाली. तिचे दोन संघ काही आठवड्यांतच बंद पडले. उरलेल्या सहांनी मात्र चिकाटी सोडली नाही, आणि ती लीग आज तीस वर्षे उलटून गेल्यावरही चालू आहे.

इचलकरंजीतील वाचक : माझा पुतण्या मिनेसोटात असतो. सेंट पॉलच्या मैदानात डुक्कर पंचांना चेंडू नेऊन देत असे, असे तो सांगतो. हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर तो खेळ म्हणायचा की जत्रा?

पुतण्याने खरे तेच सांगितले आहे. सेंट पॉल सेंट्स या संघाकडे पहिल्या हंगामापासून डुकराचे एक पिलू असे. त्याच्या पाठीवर चेंडूंच्या पिशव्या बांधलेल्या असत आणि डावांच्या मधल्या वेळेत ते पंचांपर्यंत चेंडू पोचवत असे. प्रेक्षकांत बसून केस कापून घेता येत. एक कॅथलिक नन, सिस्टर रोझलिंड, स्टँडमध्ये खुर्ची मांडून लोकांची मान आणि खांदे चोळून देत. रेडिओवरील समालोचकांच्या जोडीतील डॉन वॉर्डलो हे जन्मांध होते. त्यांचे मित्र जिम लुकास मैदानावर काय घडले ते सांगत आणि वॉर्डलो आकडे, इतिहास आणि डावपेच यांची जोड देत.

यामागे माइक व्हीक यांची कल्पकता होती. त्यांचे वडील बिल व्हीक मेजर लीगमधील नामांकित संघमालक होते. १९७९ च्या जुलैत शिकागोत माइक यांनी ‘डिस्को’ संगीताच्या तबकड्या मैदानात उडवून देण्याचा कार्यक्रम आखला. जमाव मैदानात घुसला, खेळपट्टीची नासधूस झाली आणि दुसरा सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल करावा लागला. त्यानंतर कित्येक वर्षे माइक यांना मोठ्या बेसबॉलमध्ये कोणी दारात उभे केले नाही. मार्व्हिन गोल्डक्लँग आणि विनोदी नट बिल मरे हे त्यांचे सेंट पॉलमधील भागीदार. मरे यांना या वाटेची ओळख आधीपासून होती. सॉल्ट लेक सिटीचा ट्रॅपर्स हा संघ कोणत्याही मोठ्या संघाच्या छत्राखाली नव्हता, तरी १९८७ साली त्याने सलग २९ सामने जिंकले. त्या संघाच्या मालकांतही मरे होते.

आता जत्रेचा मुद्दा. सेंट पॉलच्या शेजारीच मिनिआपोलिस आहे. तेथे मेजर लीगचा मिनेसोटा ट्विन्स हा संघ १९८७ आणि १९९१ असा दोनदा जगज्जेता झाला होता. अशा संघाच्या अंगणात छोटी लीग चालेल, असे तेव्हा फारच थोड्यांना वाटले. ट्विन्स मात्र बंद छताखाली, कृत्रिम गवतावर खेळत. ज्या प्रदेशात वर्षातले पाच-सहा महिने घरात कोंडून काढावे लागतात, तेथे जून-जुलैची संध्याकाळ छताखाली घालवणे लोकांच्या जिवावर येई. सेंट्सचे मिडवे स्टेडियम नगरपालिकेचे, साधे, सुमारे सहा हजार प्रेक्षकांचे होते. कुंपणापलीकडून रेल्वेचे रूळ जात. मालगाडी निघाली की चालक शिट्टी वाजवी आणि प्रेक्षक त्याला हात करत. सामन्याच्या तासभर आधी लोक गाड्या लावायच्या जागेत शेगड्या पेटवून मांस भाजत बसत. पोराबाळांसह येणाऱ्या कुटुंबाला तिकीट परवडत असे. बघता बघता तिकिटे आगाऊ संपू लागली.

शिवाय या संघाचा खेळ कच्चा नव्हता. पहिल्या पाच हंगामांपैकी १९९३, १९९५ आणि १९९६ अशी तीन विजेतेपदे सेंट पॉलने मिळवली. केवळ गमतीजमतींवर लोक एक वर्ष येतात. दुसऱ्या वर्षी यायला संघ जिंकावा लागतो. मनोरंजनाचे श्रेय व्हीक यांना अवश्य द्यावे, पण जिंकण्यासाठी निवडलेला संघ हाच तेथला मुख्य माल होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोल्हापुरातील एका महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक लिहितात : अशा लीगमधून खेळाडू खरोखरच वर जातात का? की ती नाकारलेल्यांची शेवटची जागा असते?

दोन्ही प्रकार आहेत, आणि बहुतेकांच्या बाबतीत आपली दुसरी शंकाच खरी ठरते. बहुसंख्य खेळाडू एक-दोन उन्हाळे खेळून दुसऱ्या उद्योगाला लागले. पण दार बंद नव्हते, हे दाखवणारी उदाहरणे पहिल्याच वर्षापासून मिळतात.

केविन मिलार याला नवोदितांच्या निवडीत कोणत्याही मेजर संघाने घेतले नव्हते. तो १९९३ साली सेंट पॉलमध्ये खेळला आणि हंगाम संपताच फ्लोरिडा मार्लिन्सने त्याचा करार विकत घेतला. अकरा वर्षांनी, २००४ च्या ऑक्टोबरात, तो बॉस्टन रेड सॉक्सकडून न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध, विश्वविजेतेपदाच्या आधीच्या मालिकेतील चौथ्या सामन्यात उतरला. आधीचे तिन्ही सामने बॉस्टनने गमावले होते आणि या सामन्याच्या शेवटच्या डावातही तो संघ एका धावेने मागे होता. मिलारने संयम राखून चार बाहेरचे चेंडू सोडले आणि त्याबद्दल मिळणारा पहिला तळ गाठला. त्याच्या जागी धावायला आलेल्या डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा तळ चोरला आणि बरोबरीची धाव केली. बॉस्टनने तो सामना, ती मालिका आणि पुढे ८६ वर्षांनी विश्वविजेतेपद जिंकले.

डॅरिल स्ट्रॉबेरी यांची वाट उलट दिशेची होती. मोठे नाव झालेला हा फलंदाज व्यसनांत आणि कायद्याच्या कचाट्यात सापडला होता. १९९६ साली तो सेंट पॉलला आला, २९ सामन्यांत ०.४३५ च्या सरासरीने १८ होमरन मारून गेला, आणि जुलैच्या आरंभी यांकीजने त्याला बोलावले. त्याच वर्षी तो विश्वविजेत्या संघात होता. मूळ सेंट पॉलचेच जॅक मॉरिस त्याच उन्हाळ्यात आपल्या जन्मगावासाठी पिचिंग करत होते. १९९१ च्या अंतिम मालिकेतील निर्णायक सामन्यात ट्विन्ससाठी सलग दहा डाव पिचिंग करणारे ते हेच मॉरिस. वय एकेचाळीस झाले होते. पुन्हा मेजर लीगमध्ये जाण्याची संधी काही आली नाही.

जे. डी. ड्रू याचे प्रकरण व्यवस्थेला झोंबणारे ठरले. १९९७ च्या निवडीत फिलाडेल्फियाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले, पण मानधनावरून बोलणी फिसकटली. पूर्वी अशा खेळाडूला मुकाट्याने सही करावी लागे किंवा वर्ष वाया घालवावे लागे. ड्रू सेंट पॉलला गेला, पगार घेऊन खेळत राहिला आणि पुढच्या वर्षी सेंट लुईसने त्याला घेतले. एका छोट्या लीगमुळे खेळाडूच्या हातात ‘नाही’ म्हणण्याचे बळ आले. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक त्यावर पुढे कित्येक वर्षे संतापलेले होते, पण मला यात खेळाडूचीच बाजू न्यायाची वाटते.

गडहिंग्लजहून दहावीतील एक विद्यार्थिनी लिहिते : मी शाळेच्या सॉफ्टबॉल संघात पिचर आहे. या लीगमध्ये मुली खेळल्या का?

तुझे पत्र वाचून फार समाधान वाटले. हो, एक मुलगी खेळली आणि तिची गोष्ट तुला नक्की आवडेल. आयला बॉर्डर्स ही कॅलिफोर्नियाची डावखुरी पिचर. कॉलेजात ती मुलांच्या संघातून बेसबॉलच खेळली. १९९७ च्या ३१ मे रोजी सेंट पॉलने तिला सू फॉल्सविरुद्ध मैदानात उतरवले. पहिला दिवस वाईट गेला : तिचा चेंडू पहिल्याच फलंदाजाला लागला, तिच्यावर तीन धावा झाल्या आणि एकही गडी बाद न करता तिला परतावे लागले. प्रशिक्षकाने तिला दुसऱ्याच दिवशी पुन्हा चेंडू दिला. त्या प्रशिक्षकाबद्दल मला आदर वाटतो, कारण एका दिवसावरून मत बनवणे सोपे असते. जूनमध्येच ती डुलुथ-सुपीरियर ड्यूक्स संघात गेली आणि त्या वर्षी लीगचे विजेतेपद त्याच संघाला मिळाले.

१९९८ च्या ९ जुलैला तिने सामन्याची सुरुवात केली. पुरुषांच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये सामन्याचा पहिला चेंडू टाकणारी ती पहिली स्त्री. तो सामना ड्यूक्सने गमावला. २४ जुलैला पुन्हा सू फॉल्सच समोर होते. तिने सहा डाव एकही धाव दिली नाही आणि ड्यूक्सने सामना ३-१ असा जिंकला. तिचा वेग पुरुषांच्या मानाने कमी होता. फलंदाजाला चकवायला ती चेंडूची जागा आणि वेगातला बदल यांवर भर देत असे. तू सॉफ्टबॉलमध्ये याच दोन गोष्टींवर मेहनत घे, एवढे मी आवर्जून सांगेन. २००० साली खेळ थांबवल्यावर आयला अग्निशमन दलात रुजू झाली.

कसबा बावड्यातून : सगळ्या सहाही गावांना यश आले का?

आले नाही. रोचेस्टर हे मेयो क्लिनिक या नामांकित रुग्णालयाचे सुखवस्तू गाव, पण तेथे गर्दी जमली नाही. एका हंगामातच संघ कॅनडातील विनिपेगला हलवला गेला आणि ‘गोल्डआयज’ या नावाने त्याने १९९४ साली, म्हणजे पहिल्याच वर्षी, विजेतेपद मिळवले. तेथे प्रेक्षकांचा मोठा लोट उसळला. संघ तेथे नेणारे सॅम कॅट्झ पुढे दहा वर्षे विनिपेगचे महापौर होते. थंडर बे १९९८ च्या हंगामानंतर गेले आणि डुलुथने २००२ नंतर संघ गमावला. त्या वेड स्टेडियमसाठी मला वाईट वाटते, कारण जुन्या मैदानांना जीवदान देण्याच्या हेतूनेच लीग निघाली होती आणि ती यशस्वी होताच तिचे मालक मोठ्या शहरांच्या नव्या मैदानांकडे पाहू लागले. डुलुथचा संघ कॅन्सस सिटीच्या उपनगरात गेला, थंडर बेचा शिकागोजवळ. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण ज्या गावांच्या नावावर लीग उभी राहिली, त्यांच्यावर हा अन्याय झाला, असे मी म्हणेन.

शाहूपुरीतील वाचक : आता मुंबईच्या नावाचाही एक व्यावसायिक बेसबॉल संघ आहे, असे वाचले. ते याच धर्तीवर आहे का?

तो ‘मुंबई कोब्राज’. ‘बेसबॉल युनायटेड’ या लीगचा तो संघ असून कराची, अरब देश आणि मध्यपूर्व यांच्या नावाचे संघही तिच्यात आहेत. मेजर लीगचे माजी खेळाडू बॅरी लार्किन तिच्या संस्थापकांपैकी आहेत आणि २०२३ च्या नोव्हेंबरात दुबईत तिचे पहिले प्रदर्शनी सामने झाले. ती मेजर लीगच्या अधिपत्याखाली नाही, एवढ्या अर्थाने तीही स्वतंत्रच. परंतु नॉर्दर्न लीगचा पाया गावातील मैदान आणि रोज संध्याकाळी चालत येणारा प्रेक्षक हा होता. मुंबईचे नाव धारण करणारा संघ दुबईत खेळतो, तेव्हा तो पाया नसतो. दूरचित्रवाणी आणि प्रायोजक यांच्यावर सगळी भिस्त असते. ती लीग वाढावी आणि आपल्या मुलांना तेथे संधी मिळावी, ही माझी मनापासून इच्छा आहे. मात्र कोल्हापूरच्या पेठांचे फुटबॉल संघ त्या दुबईच्या लीगपेक्षा १९९३ च्या सू सिटीला अधिक जवळचे आहेत.

शेवटचा प्रश्न कागलहून : ती लीग आज आहे का?

त्या नावाने नाही. १९९९ साली ती पूर्वेकडील नॉर्थईस्ट लीगशी जोडली गेली आणि काही वर्षांत पुन्हा वेगळी झाली. २००५ च्या हंगामानंतर सेंट पॉल, सू सिटी, सू फॉल्स आणि लिंकन हे संघ बाहेर पडले. २००६ पासून ते ‘अमेरिकन असोसिएशन’ या नव्या लीगमध्ये खेळू लागले. तिचे प्रमुखपदही वुल्फ यांच्याकडेच होते. २०१० चा हंगाम हा नॉर्दर्न लीगचा शेवटचा ठरला.

सेंट पॉलने २०१५ साली मिडवे सोडून शहराच्या मध्यभागी नवे मैदान घेतले आणि २०२१ पासून तो संघ मिनेसोटा ट्विन्सच्या लगतच्या, म्हणजे मायनर लीगमधील सर्वांत वरच्या पायरीवरचा संलग्न संघ झाला आहे. म्हणजे ज्या शेजाऱ्याच्या अंगणात त्याने स्वतंत्र चूल मांडली होती, त्याच्याच घरात तो आता राहतो. खेळाडू ट्विन्सचे असतात, पगार ट्विन्सचा असतो आणि गरज पडली की खेळाडू दुसऱ्या दिवशी वर जातो. संघाच्या आर्थिक स्थैर्यासाठी हे घडले असणार, तरी १९९३ पासून जे प्रेक्षक या संघाचे होते, त्यांनी काय गमावले हे पहिल्या उत्तरावरून आपल्या लक्षात येईल. विनिपेग, सू सिटी आणि सू फॉल्स हे संघ मात्र अमेरिकन असोसिएशनमध्ये आजही स्वतंत्र आहेत. सू सिटीचा एक्सप्लोरर्स हा संघ १९९३ साली त्याच्यासाठी बांधलेल्या मैदानातच अजून खेळतो.